आलिशान विद्युत मोटारगाडी आणि कोल्हापूरचे ओतकाम

आलिशान विद्युत मोटारगाडी : बॅटरीवर चालणारी, वरच्या किमतीच्या वर्गातली प्रवासी मोटार. पेट्रोल-डिझेलच्या महागड्या गाडीत खर्च आणि कसब यांचा मोठा वाटा इंजिनाकडे जाई. इथे तो बॅटरी, वजन, हवेचा विरोध आणि आतली शांतता यांच्याकडे जातो. मर्सिडीज ईक्यूएस, बीएमडब्ल्यू आय७, पोर्शे टायकॅन, लुसिड एअर आणि रोल्स-रॉईस स्पेक्टर ही या वर्गातली ठळक नावे. यांपैकी ईक्यूएस ५८० ची जुळणी २०२२ मध्ये पुण्याजवळ चाकण इथे सुरू झाली. कोल्हापुरात अशा गाड्या बनत नाहीत, रस्त्यावरही क्वचितच दिसतात. पण इंजिनाचे ब्लॉक, सिलिंडर हेड आणि फ्लायव्हील हाउसिंग ओतून ज्या शहरातल्या हजारो घरांच्या चुली पेटल्या, त्या शहराला या गाडीच्या पोटात काय आहे आणि काय नाही याकडे काणाडोळा करता येत नाही.

बॉनेटखाली काय

आलिशान मोटार म्हणजे काय, हे कोल्हापूरकर दर दसऱ्याला पाहतात. छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक शाही दसऱ्याला दसरा चौकात येते. तिचे लांबलचक नाक हीच तिची प्रतिष्ठा. मेबॅक ही जर्मन कंपनी मुळात झेपेलिन हवाई जहाजांसाठी इंजिने बनवण्यासाठी १९०९ मध्ये निघालेली. इंजिन जितके मोठे, तितके नाक लांब आणि मालक तितका बडा, असा हिशेब त्या काळी सरळ होता.

विद्युत गाडीत त्या नाकाखाली ठेवण्यासारखे फारसे काही उरत नाही. मोटर पाण्याच्या घागरीएवढ्या जागेत मावते आणि चाकांच्या आसापाशीच बसते. त्यामुळे आरेखनकारांपुढे दोन वाटा आल्या. ईक्यूएसने नाक आखूड केले, प्रवाशांची जागा पुढे सरकवली आणि सगळी गाडी एका कमानीत बसवली. तिचे बॉनेट मालकाने उघडायचेच नाही, ते फक्त सर्व्हिस सेंटरमध्ये उघडते. स्पेक्टरने उलट केले: गरज नसताना लांब नाक आणि भली मोठी जाळी जशीच्या तशी ठेवली. अभियंत्याच्या नजरेने पहिली वाट प्रामाणिक आहे, पण साडेसात कोटींच्या घरातली गाडी घेणारा गिऱ्हाईक अभियंत्याच्या नजरेने पाहत नाही, हेही खरे.

कमानीचा आकार केवळ दिसण्यासाठी नसतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ताशी ५० वरून १०० वर गेले की विरोध चौपट. शहरात चाकांचे घर्षण आणि वजन जड पडते, महामार्गावर मात्र बॅटरीतली बरीचशी वीज हवा बाजूला सारण्यातच जाते. ईक्यूएसचा हवाविरोध गुणांक (जितका कमी तितका बरा) ०.२० आहे, लुसिड एअरचा ०.१९७. बाहेर न आलेली दारांची हँडले, गाडीखालचा सपाट तळ, जवळजवळ बंद असलेली चाकांची रिमे, ही सगळी त्या आकड्यासाठी केलेली कामे.

तळातली बॅटरी

बॅटरी तळात सपाट अंथरण्याची पद्धत २०१२ च्या टेस्ला मॉडेल एसनंतर रूढ झाली. ईक्यूएस ५८० मध्ये वापरण्याजोगी क्षमता सुमारे १०८ किलोवॅट-तास आहे आणि गाडीचे वजन अडीच टनांच्या आसपास जाते. स्पेक्टर जवळपास तीन टनांची. त्यातली सुमारे ७०० किलो एकटी बॅटरी. वजन खाली असल्याने गाडी वळणावर कलत नाही, पण तेच वजन ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन यांच्या मुळावर उठते. म्हणून या वर्गात हवेवरचे सस्पेन्शन जवळजवळ ठरलेले, आणि ईक्यूएसची मागची चाकेही १० अंशांपर्यंत वळवता येतात. पाच मीटरहून लांब गाडी महाद्वार रोडसारख्या रस्त्यावर वळवायची, तर हे वैशिष्ट्य चैनीचे राहत नाही.

बॅटरीच्या पेटीत शेकडो ते हजारो लिथियम-आयन सेल असतात. त्यांना साधारण २० ते ४० अंश सेल्सिअस तापमान मानवते. म्हणून सेलच्या खालून किंवा मधून शीतद्रव फिरवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात आणि प्रत्येक गटाचे तापमान व विजेचा दाब (व्होल्टेज) मोजणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. एक सेल तापून फुटला तर शेजारचे पेटू नयेत, यासाठी मधे उष्णतारोधक थर घालतात. भारतात चारचाकी विद्युत वाहनांच्या बॅटरी सुरक्षेसाठी एआयएस-०३८ हे मानक लागू आहे.

मोटर आणि विजेचा दाब

पेट्रोल इंजिन मिनिटाला सहा-सात हजार फेऱ्यांवर दमते. विद्युत मोटर १६ ते २० हजार फेऱ्या सहज घेते आणि पहिल्या फेरीपासून पूर्ण पीळ (टॉर्क) देते, म्हणून बहुतेक गाड्यांना एकच गिअर पुरतो. टायकॅनच्या मागच्या आसाला दोन गिअर आहेत, पण तो अपवाद. लुसिडने मोटर, इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला लागते तशी करून देणारे यंत्र), गिअर आणि डिफरन्शियल (दोन चाकांत शक्ती वाटणारे गिअर) मिळून ७४ किलोंचा एक गठ्ठा केला आणि त्यातून सुमारे ६७० अश्वशक्ती काढली. बीएमडब्ल्यू आय७ ची मोटर आणखी वेगळी. तिच्या रोटरवर, म्हणजे फिरणाऱ्या भागावर, दुर्मिळ मृदा धातूंची चुंबके नाहीत, तांब्याच्या वेटोळ्यांतून प्रवाह देऊन चुंबकत्व निर्माण करतात.

दाबाचा मुद्दा सोपा आहे. २०० किलोवॅट शक्ती ४०० व्होल्टवर न्यायची तर ५०० अँपिअर प्रवाह लागतो, ८०० व्होल्टवर २५० पुरतो. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच तारेत ती एकचतुर्थांश होते. २०१९ मध्ये टायकॅनने ८०० व्होल्टची रचना रस्त्यावर आणली. केबल बारीक झाल्या आणि चार्जिंगचा वेळ घटला.

शांततेचे इंजिनिअरिंग

इंजिनाचा आवाज गेला की इतर सगळे आवाज ऐकू येऊ लागतात: आरशांवरून जाणारी हवा, टायरची घरघर, मोटरची बारीक शिट्टी, एसीचा कॉम्प्रेसर, इतकेच काय सीटखालच्या छोट्या पंख्याचाही. पूर्वी हे सगळे इंजिनाच्या गुरगुरण्यात झाकून जाई. आता काचा दुपदरी करतात, टायरच्या आतून फोम चिकटवतात, आणि स्पेक्टरच्या निर्मात्यांनी तर ७०० किलोंची बॅटरीच आवाज अडवणाऱ्या थरासारखी वापरली. गाडीत बसणाऱ्याला यातले काही दिसत नाही. खर्चाचा मोठा भाग मात्र इथेच मुरतो.

ओतकामाचा प्रश्न

कोल्हापूरच्या इंजिनिअरिंग धंद्याची मुळे शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत आहेत. ऊसाचे चरक, ऑईल इंजिने आणि पंप यांच्या दुरुस्तीतून सुटे भाग आणि सुट्या भागांतून फौंड्री, असा हा प्रवास. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत इथे मोठ्या फौंड्र्या उभ्या राहिल्या. इथली खासियत राखी बिडाची, म्हणजे ग्रे आयर्न या ओतीव लोखंडाची. या बिडात कार्बन पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो. ते पापुद्रे कंपने गिळतात, उष्णता लवकर वाहून नेतात आणि मशिनिंगही सोपे करतात. इंजिनाच्या ब्लॉकला नेमके हेच गुण लागतात.

विद्युत गाडीत ब्लॉक नाही, हेड नाही, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नाही. बिडाला जागा उरते ती मुख्यतः ब्रेकमध्ये, आणि तिथेही एक गुंता आहे. विद्युत गाडी वेग कमी करताना मोटरचाच जनित्रासारखा वापर करते. पोर्शेच्या म्हणण्यानुसार टायकॅनमध्ये रोजच्या वापरातले सुमारे ९० टक्के ब्रेकिंग मोटरच करते. त्यामुळे बिडाची डिस्क आठवडाआठवडा नीट घासली जात नाही आणि पावसाळी हवेत तिच्यावर गंज धरतो. म्हणूनच फोक्सवॅगनने आयडी.४ या विद्युत गाडीला मागे डिस्कऐवजी जुन्या पद्धतीचे ड्रम दिले. आलिशान वर्गात ड्रम चालणार नाही, कारण रिममधून डिस्क आणि कॅलिपर दिसायला हवेत. तिथे डिस्कवर गंजरोधक लेप किंवा सिरॅमिक डिस्क हे पर्याय आहेत.

खरे काम सरकले आहे ॲल्युमिनियमकडे. मोटरचे बाहेरचे घर पाहिले तर फरक कळतो. ते दुपदरी नळकांडे असते आणि दोन भिंतींच्या मधून शीतद्रव वळसे घेत फिरतो. ही पोकळी वाळूच्या कोअरने, म्हणजे साच्यात ठेवलेल्या गाभ्याने घडवायची. ओतकाम झाल्यावर कोअर फोडून वाळूचा कण न् कण बाहेर काढावा लागतो, कारण राहिलेला कण पुढे पंपात जाऊन अडकतो. बीड १,४०० अंशांच्या आसपास ओततात, ॲल्युमिनियम ७०० च्या. वाटते की हे सोपे असेल, पण वितळलेले ॲल्युमिनियम हवेतल्या ओलाव्यातून हायड्रोजन शोषते आणि थिजताना तो बुडबुड्यांच्या रूपाने आत राहतो. बिडाच्या जॉबमध्ये एखादा बारीक ब्लो होल (वायूने पडलेले छिद्र) मशिनिंगमध्ये निघून जाई किंवा चालून जाई. इथे तो शीतद्रवाची गळती ठरतो, म्हणून रसातून नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडून हायड्रोजन काढतात आणि प्रत्येक जॉबची दाबाखाली गळती तपासतात. शिवाय दोन्ही टोकांची बेअरिंगची भोके एका रेषेत हवीत. रोटर आणि त्याभोवतीचा स्थिर भाग, स्टेटर, यांच्यातली फट मिलिमीटरच्या आसपासची. १६ हजार फेऱ्यांवर तिथे केसभर चूकही चालत नाही.

दुसरी दिशा महाकाय ओतकामाची आहे. टेस्लाने २०२० नंतर मॉडेल वायच्या मागच्या तळाचे सुमारे ७० पत्र्याचे तुकडे रद्द करून एकदोन मोठी कास्टिंग आणली. त्यासाठी सहा हजार टन दाबाच्या इटालियन यंत्रांची गरज पडली. वर्तमानपत्रांना हे यंत्र फार आवडते. कोल्हापूरच्या मध्यम फौंड्रीने त्याच्या मागे धावण्यात अर्थ नाही: एवढे भांडवल गुंतवायचे तर वर्षाला लाखभर सारख्या गाड्यांचे गिऱ्हाईक हवे, आणि आलिशान गाड्या तर थोड्याच खपतात. उलट मोटरची घरे, गिअरबॉक्सची आवरणे, इन्व्हर्टरच्या पेट्या हा ग्रॅव्हिटी आणि लो-प्रेशर डाय कास्टिंगने (धातूच्या साच्यात रस स्वतःच्या वजनाने किंवा हलक्या दाबाने भरून) होणारा माल. कोअर आणि पॅटर्न यांची समज इथे पिढीजात आहे. ट्रॅक्टर, ट्रक आणि पंप यांना बीड लागतच राहणार असल्याने उद्या सकाळी कुपोला (कोकवरची भट्टी) किंवा इंडक्शन फर्नेस (विजेवरची भट्टी) विझेल अशी स्थिती नाही. पण नव्या कामासाठी वेगळा शेड, वेगळी भट्टी आणि वेगळी शिस्त लागते. लोखंडाची धूळ ॲल्युमिनियमच्या रसात गेली की माल बिघडतो, एवढे एक कारणही पुरेसे आहे.

घाट, महामार्ग आणि पूर

ईक्यूएस ५८० चा भारतीय चाचणीतला पल्ला ८५७ किमी आहे. युरोपीय पद्धतीने हाच आकडा पावणेसातशेच्या घरात येतो, आणि ताशी १०० च्या पुढे चालवली की तोही घटतो. कोल्हापूर ते पुणे साधारण २३० किमी. जाऊन-येऊन एका चार्जमध्ये जमते, असे म्हणायला हरकत नाही.

तळकोकणात उतरताना गणित उलटे होते. अडीच टनांची गाडी करूळ किंवा फोंडा घाटातून ५०० मीटर खाली आली, तर तिच्यात साठलेली स्थितिज ऊर्जा सुमारे ३.४ किलोवॅट-तास भरते. घर्षण आणि इतर तोटे वजा जाता त्यातली दोन-अडीच बॅटरीत परत येऊ शकते, म्हणजे दहा-बारा किलोमीटरची सोय. अट एवढीच की बॅटरीत जागा हवी. गगनबावड्यातच शंभर टक्के चार्ज करून निघाले, तर घाटात वीज ठेवायला जागा नाही आणि उतार सगळा बिडाच्या डिस्कवर येतो.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावरच पंचगंगेचे पाणी आले होते, त्यामुळे पाण्याचा प्रश्न इथे पुस्तकी नाही. बहुतेक बॅटरी-पेट्या आयपी६७ दर्जाच्या असतात: धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी पाणी शिरू नये. पाणी साचलेला रस्ता ओलांडण्यापुरते हे ठीक. रात्रभर पुरात उभी राहिलेली गाडी या हमीत बसत नाही. तशी गाडी चालू करायची नाही, चार्जरला लावायची नाही आणि बंद पार्किंगमध्ये ओढूनही न्यायची नाही, कारण आत गेलेले पाणी काही दिवसांनीही सेल पेटवू शकते.

गॅरेजमध्ये काम करणाऱ्यासाठी सर्वांत महत्त्वाची खूण रंगाची आहे. उच्च दाबाच्या केबल नारिंगी असतात. गाडी बंद असली तरी बॅटरीच्या बाजूला दाब कायम असतो, म्हणून आधी विद्युतरोधक हातमोजे घालायचे, सर्व्हिस डिस्कनेक्ट (बॅटरीचा जोड तोडणारा खटका) काढायचा, इन्व्हर्टरमधले वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबायचे आणि मीटरने दाब शून्य आल्याची खात्री करूनच केबलला हात लावायचा.