मोगली एरंडावर उडालेलं विमान आणि लष्करी धुराचा हिशोब

२०१९ च्या प्रजासत्ताक दिनी राजपथावरून हवाई दलाचं एएन-३२ गेलं, तेव्हा त्याच्या इंधनात १० टक्के जैवइंधन मिसळलेलं होतं. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेच्या तंत्राने मोगली एरंडाच्या (जट्रोफाच्या) बियांच्या तेलापासून ते बनवलं होतं. पहिलं उड्डाण आधीच्या डिसेंबरात चंडीगडला झालं, पुढे जानेवारी २०२० मध्ये लेहहूनही. काम चोखच. पण त्यावरून ‘आपलं प्रदूषणमुक्त लढाऊ विमान’ छापाचे जे संदेश फिरतात, त्यांचं काय करावं? एक तर एएन-३२ हे मालवाहू विमान. दुसरं म्हणजे, हे जैवइंधन मिसळल्याने त्याच्या इंजिनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड जवळपास तेवढाच राहतो.

शाळेतलं रसायनशास्त्र आठवा. कार्बनचं अणुवस्तुमान १२, कार्बन डायऑक्साइडचं रेणुवस्तुमान ४४. म्हणजे एक किलो कार्बन जळला की ३.६७ किलो वायू होतो. वाढीव वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. विमानाच्या इंधनात वजनाने सुमारे ८६ टक्के कार्बन असतो, म्हणून किलोमागे ३.१६ किलो. जैवइंधनाचे रेणूही मुद्दाम तसेच घडवलेले असतात, नाहीतर ते इंजिनात चाललंच नसतं. फरक एवढाच की हा कार्बन झाडाने अलीकडेच हवेतून घेतलेला असतो. फायदा दिसतो तो जमाखर्चात, आणि तोही खत, नांगरट, प्रक्रिया यांचा धूर वजा करून. त्यातून मोगली एरंडाचं पीक पाण्याशिवाय फारसं तेल देत नाही, हे दोन दशकांपूर्वी त्याच्या लागवडीला भुललेल्या शेतकऱ्यांना कुणी वेगळं सांगायला नको.

लष्कराचं उत्सर्जन मोजताना असाच गुणाकार करतात. रणगाड्यामागे यंत्र घेऊन कुणी धावत नाही. इंधनाच्या नोंदवह्या उघडायच्या. पहिला कप्पा स्वतः जाळलेल्या इंधनाचा: डिझेलला लिटरमागे सुमारे २.७ किलो. दुसरा विकत घेतलेल्या विजेचा: ग्रिडची वीज असेल तर आपल्याकडे युनिटमागे साधारण ०.७ किलो. तिसरा कप्पा तोफा, दारूगोळा, बूट, सिमेंट हे सगळं बनवताना झालेल्या धुराचा, आणि तिथे आकडे सैल होतात.

मोठी गळती मात्र गणिताबाहेर आहे. १९९७ च्या क्योटो करारात बहुराष्ट्रीय लष्करी मोहिमांचं आणि आंतरराष्ट्रीय विमान-जहाजांच्या इंधनाचं उत्सर्जन देशाच्या बेरजेतून वगळलं गेलं. २०१५ च्या पॅरिस करारानंतरही लष्कराचा वेगळा हिशोब देणं ऐच्छिकच राहिलं. जे देश तो देतात, त्यांच्या राष्ट्रीय तक्त्यात तो बहुधा १.ए.५ या ‘इतर’च्या ओळीत दडलेला असतो. जगातली सगळी सैन्यं मिळून जगाच्या ५.५ टक्के उत्सर्जन करतात, हा २०२२ चा अंदाज सगळीकडे उद्धृत होतो, पण तो मोजक्या देशांच्या आकड्यांवरून ताणलेला आहे. मी तो हातचं राखूनच वापरतो.

आता माझ्या आवडीचा विषय: जनरेटर.

छावणीतला डिझेल जनरेटर ५० हर्ट्झची वीज देण्यासाठी बहुधा मिनिटाला १५०० फेरे एकाच गतीने फिरतो. तंबूत दोन दिवे लागोत की दहा वातानुकूलन यंत्रं, फेरे तेवढेच. पिस्टनचं घर्षण, पंखा, पंप यांवर जाणारं इंधन भार कितीही उतरला तरी जवळपास तेवढंच राहतं. ६० किलोवॉटचा जनरेटर पूर्ण भारावर तासाला साधारण १८ लिटर पितो, म्हणजे युनिटला ०.३ लिटर. भार चतुर्थांशावर, १५ किलोवॉटवर आला, तर इंधन चतुर्थांश होत नाही. सुमारे ७ लिटर जातंच, म्हणजे युनिटला ०.४७. त्याहून खाली तर पंगतीची भट्टी पेटवून तीवर एक कप चहा करण्यातला प्रकार. शिवाय कमी भारावर सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि काजळीमिश्रित तेलकट चिकटा धुराड्यात साचतो. इंजिनवाले याला वेट स्टॅकिंग म्हणतात.

मग जनरेटर एवढा मोठा घ्यायचाच कशाला? कारण वातानुकूलन यंत्राच्या कॉम्प्रेसरची मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. त्या क्षणासाठी यंत्र मोठं घ्यायचं, आणि एक बंद पडलं तर म्हणून दुसरंही चालू ठेवायचं. उंचावर आणखी पंचाईत. ४,४०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के, ऑक्सिजन त्याच प्रमाणात कमी, म्हणून इंजिन आणखी एक माप मोठं लागतं.

उपाय जुनाच आहे: मध्ये बॅटरी ठेवा. जनरेटर काही तास ७५-८० टक्के भारावर चालवून बॅटरी भरायची, मग तो बंद. मोटारीचा तो क्षणिक झटका बॅटरी सोसते. इंधनाच्या नळीला चुंबक बांधून मायलेज वाढवू पाहणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. इथे खरोखर बचत होते, आणि ती का होते हेही सांगता येतं. सैन्याला दुसरंही एक आकर्षण आहे, रात्री आवाज नाही आणि शत्रूच्या उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणीला दिसेल असं काही नाही.

अमेरिकन सैन्य या वाटेला वळलं ते हवामानाच्या काळजीने नव्हे. त्यांच्याच २००७ च्या आकडेवारीवर आधारलेल्या अभ्यासात अफगाणिस्तानात इंधन पोचवणाऱ्या दर २४ ताफ्यांमागे एक माणूस ठार किंवा जखमी होत होता. २०१० मध्ये हेलमंड प्रांतातल्या संगीनला मरीनची एक तुकडी सौर पट्ट्या घेऊन गेली. दोन चौक्या पूर्णपणे त्यांवर चालल्या, आणि तिसरीचं रोजचं इंधन सुमारे ७५ लिटरवरून साडेनऊवर आलं.

आपल्याकडे लडाखमधल्या चुशूलला एनटीपीसीने सैन्यासाठी २०० किलोवॉटचा सौर-हायड्रोजन प्रकल्प हाती घेतला. दिवसाच्या जादा विजेने पाण्याचं विघटन करून हायड्रोजन साठवायचा, रात्री तो इंधनघटात (फ्युएल सेलमध्ये) वापरून वीज काढायची. या फेऱ्यात दोन-तृतीयांश ऊर्जा वाया जाते, असं टीकाकार म्हणतात. खरं आहे, पण ती जाते मुख्यतः उष्णतेच्या रूपात, आणि उणे ३० अंशांत उष्णता पकडून खोल्या तापवता येतात. २०० किलोवॉट वर्षभर अखंड लागले असं धरलं, तर होतात साडेसतरा लाख युनिट. डिझेलवर त्याला सव्वापाच लाख लिटर, म्हणजे सुमारे १,४०० टन कार्बन डायऑक्साइड. घाट चढून टँकर आणण्याचा धूर यात नाही.

विमानांपुढे मात्र बॅटरी हात टेकते. राफेलच्या आतल्या टाक्यांत ४.७ टन इंधन मावतं. एकदा टाकी रिकामी झाली की सुमारे १५ टन, म्हणजे सरासरी सात भारतीयांचं वर्षभराचं उत्सर्जन. आफ्टरबर्नर, म्हणजे इंजिनाच्या मागच्या झोतात जादा इंधन जाळण्याची सोय, लावला की जोर दीडपट होतो आणि इंधन तिपटीहून जास्त. ब्रिटनने नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हॉयजर हे मोठं विमान संपूर्णपणे पर्यायी इंधनावर उडवलं, पण असं इंधन महाग आहे आणि नागरी विमान कंपन्याही त्याच रांगेत आहेत. तोवर सरावाचे जेवढे तास सिम्युलेटरवर नेता येतील तेवढे न्यायचे, हाच स्वस्त मार्ग.

नाटोने २०२२ मध्ये स्वतःच्या संघटनेपुरतं २०३० पर्यंत ४५ टक्के कपातीचं लक्ष्य ठेवलं. अमेरिकेच्या लष्कराने त्याच वर्षी ५० टक्के म्हटलं होतं, पण २०२५ मध्ये नव्या संरक्षणमंत्र्यांनी हवामानाशी संबंधित योजना गुंडाळायला सांगितल्या.