नागपुरी संत्र्याची सांग्रिया: घरी, हॉटेलात आणि प्रवासात
(संत्र्याच्या पेटीसोबत ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पेटी नेणारे ग्राहक आता आवर्जून विचारतात, की या संत्र्याची सांग्रिया होते का. होते, आणि फार चांगली होते. पण स्पेनची कृती नागपुरी संत्र्याला जशीच्या तशी लावली, तर रात्रभर ठेवलेला जग सकाळी कडू लागतो. दोष वाइनचा नसतो आणि संत्र्याचाही नसतो. फळ चुकीच्या वेळी, चुकीच्या पद्धतीनं पडलेलं असतं. या पत्रकाचा मोठा भाग त्यासाठीच आहे.

सांग्रिया म्हणजे वाइन, लिंबूवर्गीय फळं, थोडी साखर, हवी तर ब्रँडी आणि शेवटी सोडा. पेय स्पेन-पोर्तुगालचं. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात स्पेनच्या दालनात ते मिळू लागलं आणि तिथून अमेरिकेत पसरलं. युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमाप्रमाणे नुसतं ‘सांग्रिया’ हे नाव फक्त स्पेन आणि पोर्तुगालमध्ये बनलेल्या मालालाच लावता येतं. त्यात अल्कोहोल किमान ४.५ टक्के आणि १२ टक्क्यांपेक्षा कमी असावं लागतं, आणि लिंबूवर्गीय फळाचा नैसर्गिक अर्क असावाच लागतो. म्हणजे सफरचंद, द्राक्षं नसली तरी चालतं, संत्रा-लिंबू कुळातल्या फळाचा अर्क मात्र हवाच.

कडू का होते

संत्र्याच्या बियांमध्ये आणि फोडींवरच्या पापुद्र्यात एक पदार्थ असतो. फळ अखंड असेपर्यंत त्याला चव नसते. फोड चिरली, दाबली किंवा मिक्सरमधून फिरवली की तो आंबट रसात मिसळतो आणि हळूहळू त्याचं लिमोनिन बनतं. लिमोनिन कडू असतं. म्हणून आत्ता काढलेला रस गोड लागतो आणि तोच रस काही तासांनी घशाशी कडवट लागतो. रस तापवला तर हे आणखी लवकर होतं. नागपुरी संत्र्याचा रस बाटलीबंद करणाऱ्यांची जुनी डोकेदुखी हीच आहे.

स्पॅनिश कृतीत संत्र्याच्या सालीसकट चकत्या वाइनमध्ये टाकून ठेवतात. तिथली फळं घट्ट सालीची असतात, दोन-चार तास तग धरतात. आपल्या संत्र्याची साल सैल, चकती केली की फोडी सुटून येतात, बिया कापल्या जातात आणि कडवटपणाला वाट मोकळी होते. त्यामुळे आपल्याकडे संत्रा तीन वेगवेगळ्या रूपांत, दोन वेगवेगळ्या वेळी घालायचा: आधी साल, वाढण्यापूर्वी रस, त्याच वेळी फोडी.

साहित्य (सहा मोठे ग्लास)

लाल वाइन एक बाटली, म्हणजे ७५० मिली. संत्रे पाच: तीन रसाला, दोन फोडींना. एक सफरचंद किंवा घट्ट पेरू. मूठभर काळी द्राक्षं. साखर ५० ग्रॅम आणि तेवढंच पाणी. दालचिनीचा दोन इंचांचा एक तुकडा. ब्रँडी ६० मिली, ऐच्छिक. गार सोडा २५० मिली.

वाइन महागडी नको. नाशिककडची साधी, तरुण शिराझ किंवा झिनफँडेल पुरे. लेबलवर ‘रिझर्व्ह’ किंवा ‘ओक’ लिहिलेली बाटली सांग्रियासाठी घेऊ नका. लाकडी पिंपात मुरलेल्या वाइनचा तुरटपणा गार केल्यावर आणखी चढतो, आणि त्यावर साखर घातली की चव चिकट होते. वाइन शॉपमध्ये गोड ‘पोर्ट’ म्हणून मिळणारी वाइन वापरणार असाल तर साखरेचा पाक घालूच नका, अर्धं लिंबू पिळा. पांढरी सांग्रिया करायची तर शेनिन ब्लां ही पांढरी वाइन घ्या आणि दालचिनीऐवजी आल्याच्या दोन चकत्या टाका.

मे महिन्यात बाटली घेताना ती दुकानात कुठे उभी होती ते बघा. काचेच्या दर्शनी कपाटात उन्हात तापलेल्या बाटलीतली वाइन शिजलेल्या जॅमसारखी वास मारते. बूच थोडं वर आलेलं असेल किंवा मानेवर चिकट ओघळ असेल तर ती परत ठेवा.

कृती

साखर आणि पाणी एकत्र उकळून पाक करा आणि पूर्ण गार होऊ द्या. गार वाइनमध्ये कोरडी साखर टाकली तर ती तळाशी बसते, पहिले ग्लास फिके आणि शेवटचा गोडमिट्ट होतो. वाइन मात्र कधी तापवायची नाही.

संत्रे कोमट पाण्यात चोळून धुवा. पेटीतला माल मेण न लावलेला आहे, पण बाजारातून आणलेला फार चमकणारा संत्रा असेल तर चोळणं टाळू नका. आता सोलण्याआधीच, घट्ट सालीच्या एका संत्र्यावरून पीलरनं केशरी थराच्या चार पट्ट्या काढा. हात हलका ठेवा: पट्टीच्या मागे पांढरं दिसलं तर सुरीनं खरवडून टाका. साल फुगून आत पोकळी झालेल्या संत्र्यावर पीलर घसरतो, तो रसासाठी ठेवा. प्रत्येक पट्टी जगावर धरून एकदा पिळा. सालीतलं तेल बारीक तुषारांसारखं उडताना उजेडात दिसतं. सांग्रियाचा वास मुख्यतः त्या तेलाचा असतो.

काचेच्या जगात किंवा चिनी मातीच्या बरणीत वाइन, पाक, ब्रँडी, सालीच्या पट्ट्या, दालचिनी, सफरचंदाचे किंवा बिया काढलेल्या पेरूचे तुकडे आणि अर्धी चिरलेली द्राक्षं घाला. स्टीलचं भांडंही चालतं. ॲल्युमिनियम, तांबं किंवा कल्हई उडालेलं पितळ चालणार नाही, आंबट वाइन धातू ओढते. झाकून तीन ते चार तास फ्रिजमध्ये ठेवा. मग पट्ट्या आणि दालचिनी काढून टाका. बाजारात बहुधा जाड सालीची, उग्र दालचिनी मिळते, ती रात्रभर राहिली तर बाकी काहीच लागत नाही.

वाढायच्या अर्धा तास आधी तीन संत्र्यांचा रस हातानं, हलक्या दाबानं पिळा आणि गाळा. मिक्सर नको, बिया भरडल्या जातात. साधारण १५० मिली रस निघतो. उरलेल्या दोन संत्र्यांच्या फोडी सुट्या करा, प्रत्येक फोडीच्या आतल्या धारेला छोटी चीर देऊन बिया बाहेर काढा, पांढरे धागे ओढून टाका, आणि फोडी अखंड जगात सोडा. सोडा अगदी शेवटी, जग टेबलावर आल्यावर घाला आणि लाकडी चमच्यानं एकदाच खालून वर ढवळा.

कागदी लिंबू घालायचं असेल तर स्पॅनिश कृतीतल्या एका लिंबाऐवजी अर्धं पुरतं, कारण आपलं लिंबू जास्त आंबट. त्याच्या चकत्या मात्र टाकू नका, साल चटकन कडू उतरते.

हंगाम बघून फरक करा. ऑक्टोबर ते डिसेंबरचा आंबिया बहाराचा संत्रा किंचित आंबट, त्याला वर दिलेली साखर बरोबर बसते. जानेवारीपासून येणारा मृग बहाराचा माल गोड, तेव्हा साखर ३० ग्रॅमवर आणा. उन्हाळ्यात संत्रा संपला की मोसंबी घ्या, पण तिची पांढरी साल जाड असते, पूर्ण सोलूनच वापरा. केळं, पपई, सीताफळ, टरबूज घालू नका: पहिली तीन सांग्रिया गढूळ करतात आणि टरबूज तिला पाणचट करतं.

बर्फाबद्दल. पंचेचाळीस अंशांत बर्फ दहा मिनिटांत पाणी होतो. त्याऐवजी द्राक्षं आदल्या रात्री गोठवून ठेवा आणि ग्लासात सहा-सात टाका. संत्र्याच्या फोडी गोठवू नका. गोठताना त्यांच्या पेशी फुटतात आणि विरघळल्यावर तोच कडवटपणा परत येतो.

किती चढते

सरबतासारखी लागते म्हणून हा हिशेब द्यावासा वाटतो. १३ टक्क्यांची वाइन, ६० मिली ब्रँडी आणि बाकी सगळं धरून जग सुमारे १३०० मिलीचा होतो आणि त्यात साडेनऊ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं. २०० मिलीचा एक ग्लास म्हणजे व्हिस्कीचा दीड छोटा पेग. ब्रँडी वगळली तर सवा पेग. वाइनमध्ये मुरलेल्या फळांच्या तुकड्यांतही दारू असते, ती वेगळी. गोड आणि गार असल्यानं पहिले दोन ग्लास पाण्यासारखे जातात, म्हणून प्रत्येक ग्लासामागे तेवढंच साधं पाणी प्या. गाडी चालवणाऱ्यानं घेऊच नये. महाराष्ट्रात वाइनसाठी वय २१ आणि ब्रँडीसाठी २५ पूर्ण लागतं, परवानाही लागतो.

दारूबंदीचे जिल्हे

वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ला लागली आणि २०२१ ला उठली. अमरावतीहून नागपूरला जाताना तळेगाव, कारंजा (घाडगे) हा टप्पा वर्धा जिल्ह्यातच येतो, समृद्धी महामार्गही वर्ध्यातून जातो. त्यामुळे नागपूरच्या नातेवाइकांकडे पेटी घेऊन निघालात तर गाडीत संत्रे ठेवा, बाटली तिथे पोचल्यावर घ्या.

या जिल्ह्यांतल्या ग्राहकांसाठी, आणि घरात न पिणाऱ्यांसाठी, बिनदारूची कृती तितक्याच आस्थेनं देत आहोत. लाल अंबाडीची वाळलेली फुलं १५ ग्रॅम, ७५० मिली उकळत्या पाण्यात दहा मिनिटं झाकून ठेवा. शेवटची तीन मिनिटं एक चमचा चहापत्ती टाका, वाइनचा तुरटपणा तिच्यामुळे येतो. गाळा, ८० ग्रॅम साखर विरघळवा, गार करा. पुढे साल, फळं, रस, फोडी, सोडा सगळं वरच्या क्रमानं, ब्रँडी सोडून. रंग खऱ्या सांग्रियाइतकाच गडद येतो.

हॉटेलात आणि बाहेरगावी

नागपूर, पुणे किंवा गोव्यात मागवताना दोन गोष्टी विचारा: सांग्रिया आधी मुरवून ठेवलेली आहे की ऑर्डरनंतर मिसळणार, आणि गोडी सिरपची की फळाची. ऑर्डरनंतर मिसळलेल्या जगात फळं वर तरंगतात, चावल्यावर कोरडी लागतात. मुरलेलं सफरचंद आतपर्यंत लाल झालेलं असतं. डब्यातलं फ्रूट कॉकटेल दिसलं तर बिअर मागवलेली बरी. एक लिटरच्या जगात अर्धा बर्फ भरून देण्याची पद्धत आहे, म्हणून बर्फ वेगळा मागा.

स्पेनला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की तिथले लोक उन्हाळ्यात रोज बहुधा सांग्रिया पीत नाहीत, ‘तिंतो दे वेरानो’ पितात: लाल वाइन आणि लिंबाचा किंवा साधा गोड सोडा, बर्फासह. ती स्वस्त आणि हलकी. सांग्रिया चार जणांत जग भरून मागवायची. कातालोनियात कावा या फसफसत्या वाइनची सांग्रिया मिळते, ती आवर्जून घ्या.

सोबत काय

सावजी रस्सा नको. तिखटाची आग अल्कोहोल आणि सोड्यानं वाढते आणि दोन्हींची चव जाते. वांग्याचं भरीत, भाजलेले शेंगदाणे, पाटवडी रश्शाशिवाय, तव्यावर परतलेलं पनीर किंवा कमी तिखटाची भाजलेली कोंबडी चांगली जाते.

उरली तर

सोडा घातलेली सांग्रिया त्याच दिवशी संपवा. ती फळांसकट घट्ट बुचाच्या बाटलीत भरून उन्हात नेऊ नका, दाबानं बूच उडतं. सोडा न घातलेली असेल तर सगळी फळं गाळून काढा आणि वाइन फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवा. गाळलेली फळं पोरांच्या हाती लागू देऊ नका आणि गोठ्यात गाई-बकऱ्यांनाही टाकू नका, थेट खताच्या खड्ड्यात टाकून वर माती ओढा.