खुब्याच्या कृत्रिम सांध्याची हाडाशी जोड व काढणी

खुब्याचा सांधा बदलताना कमरेच्या हाडात वाटी आणि मांडीच्या हाडाच्या पोकळीत दांडी (स्टेम) बसवतात. हे भाग हाडाला किती घट्ट धरतात यावर सांध्याचे आयुष्य ठरते. पुढे कधी ते काढायची वेळ आली, तर हाच घट्टपणा आड येतो.

जोड दोन प्रकारची असते. इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन चार्नली यांनी १९६०च्या सुमारास रूढ केलेल्या पद्धतीत ॲक्रिलिक सिमेंट वापरतात. ते चिकटवत नाही. हाडाच्या जाळीत शिरून फट भरते. सिमेंटविना बसवायच्या सांध्यांत टायटॅनियमचा पृष्ठभाग सच्छिद्र ठेवतात. सुमारे १०० ते ४०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) त्या छिद्रांत काही आठवड्यांत नवे हाड वाढते. टायटॅनियमशी हाड असे एकजीव होते, हे स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांनी १९५०च्या दशकात सशांवरील प्रयोगांतून दाखवले. मात्र सुरुवातीच्या काळात भाग १५० मायक्रॉनहून अधिक हलत राहिला, तर हाडाऐवजी तंतुमय पडदा तयार होतो आणि सांधा सैलच राहतो. म्हणूनच दांडी ठोकून घट्ट बसवतात.

सैल झालेली दांडी सहज निघते, पण तोवर भोवतीचे हाड बरेच झिजलेले असू शकते. खरी कसोटी जंतुसंसर्ग झालेल्या, तरीही पक्क्या जुळलेल्या सांध्याची. सिमेंटविना बसवलेल्या दांडीचा सच्छिद्र, खरखरीत थर तिच्या वरच्याच भागात असेल, तर पातळ, लवचीक छिन्न्यांनी जोड सोडवता येते. थर खालपर्यंत असेल, तर मांडीचे हाड बाजूने लांबवर कापून झाकणासारखे उघडावे लागते आणि नंतर तारांनी बांधावे लागते. वाटीसाठी तिच्या गोलाईची वाकडी पाती फिरवतात. सिमेंटने बसवलेली गुळगुळीत, निमुळती दांडी मात्र ठोकून वर काढता येते. आतले सिमेंट शाबूत व निर्जंतुक असेल तर त्यातच नवी दांडी बसते. ही मोठी सोय आहे. खुब्याचा गोळा रक्तपुरवठ्याअभावी कुजल्याने तिशी-चाळिशीत सांधा बदलावा लागलेल्या रुग्णाला पुढे दुसरी शस्त्रक्रिया लागण्याचा संभव अधिक. त्याच्यासाठी काढणीचा विचार पहिल्याच वेळी व्हायला हवा.

सांगली जिल्ह्यात हा विषय मिरजेशी निगडित आहे. मिशनरी डॉक्टर वॅनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन रुग्णालयापासून हे गाव वैद्यकीय केंद्र म्हणून वाढले. जत, आटपाडी, तासगावपासून बेळगाव-विजापूरकडचेही रुग्ण इथे येतात. पहिली शस्त्रक्रिया एका गावी आणि दुसरी वेगळ्याच डॉक्टरांकडे, असे अशा वेळी घडू शकते. आत कोणत्या बनावटीची दांडी आहे हे नुसत्या एक्स-रेवरून नेहमी कळत नाही, आणि काढायची अवजारे तर बनावटीनुसार बदलतात. इम्प्लांटच्या (बसवायच्या कृत्रिम भागांच्या) खोक्यावरची स्टिकरे शस्त्रक्रियेच्या नोंदीत चिकटवतात. त्यांची प्रत रुग्णाने मागून घ्यावी आणि एक्स-रेसोबत जपून ठेवावी.