कानाच्या मशीनचा सेल हवा खातो

आमचे बाबा कानाच्या मशीनच्या सेलचं नवं पाकीट आणलं की सहाही सेलचे स्टिकर एकदमच काढून ठेवायचे, ऐनवेळी नखानं खरवडत बसायला नको म्हणून. मग सेल लवकर उतरले की तक्रार, दुकानदारानं जुना माल दिला. दुकानदाराचा काही दोष नव्हता.

हा सेल झिंक-एअर जातीचा. घड्याळाच्या सेलमधे लागणारं सगळं आत भरलेलं असतं, इथे आत जस्ताची पूड आणि थोडा द्राव, ऑक्सिजन मात्र बाहेरच्या हवेतून घ्यायचा. स्टिकरखाली नीट बघा, सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतील. तिथून शिरलेला ऑक्सिजन पाण्याशी मिळून हायड्रॉक्साइड आयन होतो, ते आयन पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावातून जस्तापर्यंत जातात, जस्ताचं झिंक ऑक्साइड होतं आणि सुटलेले इलेक्ट्रॉन मशीनमधून फिरून परत येतात, साधारण 1.4 व्होल्टनं. ऑक्सिजन साठवायची जागा वाचली ती सगळी जस्ताला मिळते, म्हणून तर तपकिरी स्टिकरचा 312 नंबर, जेमतेम 8 मिमी रुंद, कित्येक दिवस चालतो. मला तर हे फारच भारी वाटतं!

पण एकदा हवा लागली की सेल वापरा नाहीतर ठेवा, तो उतरतच जातो. कोरड्या हवेत आतलं पाणी उडतं, पावसाळ्यात उलट ओल शिरते, कार्बन डायऑक्साइड द्राव बिघडवतो. स्टिकर परत चिकटवून पूर्वीसारखा हवाबंद होत नाही. म्हणून लागेल तेव्हा एकच उघडा, पाचेक मिनिटं तसाच ठेवा, मग मशीनमधे घाला. फ्रीजमधे नको, पाणी धरतं. रात्री मशीन ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवत असाल तर सेल आधी बाहेर काढा. आणि कानात कोमट तेल घालून गेलेली ऐकण्याची नस परत येते असं कोणी सांगितलं तर कृपया ऐकू नका, नस येत नाही, मशीनची जाळी मात्र तुंबते.

गेल्या महिन्यात बाबांच्या तळहातावर बीपीच्या गोळीशेजारी उतरलेला सेल होता, आईनं पाहिला म्हणून वाचलो. उतरलेल्या सेलमधेही थोडी वीज उरते. घशात, नाकात किंवा कानात अडकला तर ओल्या त्वचेतून करंट वाहतो, निगेटिव्ह बाजूला अल्कली तयार होते आणि काही तासांत मांस जळतं. लहान मुलांना तर जास्तच धोका. उलटी काढायची नाही, नाकाकानात थेंब घालायचे नाहीत, तडक हॉस्पिटल गाठून एक्स-रे काढायचा, पाकीट बरोबर न्यायचं.

आता उतरलेले सेल झाकणाच्या बरणीत जातात आणि बरणी गोळ्यांच्या कपाटात नाही, माळ्यावर असते.