गुलाबी दुपट्टा आणि 4-4-1 चं गणित

परवा शेजारच्या काकांच्या वावरात गेलो तं फवारणी पंपाच्या तुटलेल्या पट्ट्याला गुलाबी दुपट्टा गुंडाळलेला दिसला. 2023 चा दुपट्टा, तेलंगणचे तेव्हाचे मुख्यमंत्री केसीआर यांच्या पक्षाच्या रंगाचा. आमचा केळापूर तालुका म्हणजे पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, त्यामुळं त्या वर्षी केसीआरच्या पक्षाच्या गाड्या इकडं लय फिरल्या. फेब्रुवारीत नांदेडला सभा, जूनमधे नागपुरात ऑफिस. कास्तकार ऐकत होते कारण पलीकडच्या सोयऱ्यांना रयतु बंधू या तिथल्या सरकारी योजनेचे एकरी 5000 रुपये दर हंगामाला खात्यात पडत होते आणि शेतीला 24 तास लाईट होती, अन् आपण रात्री 2 वाजता मोटर चालू करायला जातो. मग डिसेंबर 2023 मधे तिकडं केसीआरचं सरकार गेलं आणि गाड्या यायच्या बंद झाल्या.

काका म्हणाले, "खुर्ची भेटली का सारे सारखेच, बाप्पा." हे वाक्य प्रत्येक पानठेल्यावर ऐकू येतं, आणि मला ते अर्धंच खरं वाटतं. माणसं लालची असतात हे मान्य, पण प्रादेशिक पक्ष सत्तेत गेल्यावर बदलतो त्यात गणिताचा हात मोठा आहे आणि ते गणित मला फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा 9 मेंबरांची ग्रामपंचायत आहे. एका गटाचे 4, दुसऱ्याचे 4, आणि एक अपक्ष. ठराव पास करायला 5 हात पाहिजेत. अपक्षाची ताकद किती? आपण म्हणू नवव्या हिश्शाएवढी. 1954 मधे लॉइड शॅप्ली हे गणितज्ञ आणि मार्टिन शुबिक हे अर्थशास्त्रज्ञ या दोघांनी ताकद मोजायची वेगळी रीत सांगितली. तिन्ही गट एकामागून एक हात वर करतात असं धरा आणि कोणाचा हात वर झाल्याबरोबर 5 पुरे होतात ते बघा, तो गट त्या वेळचा निर्णायक. तीन गटांचे क्रम होतात 6. कागदावर मांडून बघा, पहिला 4 वाला दोनदा निर्णायक ठरतो, दुसरा 4 वाला दोनदा, आणि आपला एकटा अपक्षही दोनदाच. म्हणजे तिघांची ताकद सारखी, प्रत्येकी एक तृतीयांश!

आता दुसऱ्या गटातला एक मेंबर फुटून पहिल्या गटात गेला. झाले 5-3-1. अपक्ष तिथंच आहे, त्याचं मत तेवढंच आहे, तो विकला गेला नाही की घाबरला नाही. पण आता सहाच्या सहा क्रमांत 5 वालाच निर्णायक, अपक्षाची ताकद शून्य, आणि 3 वाल्यांचीही शून्य. पक्ष 3 असले तर हे हातानं होतं, 10 पक्ष असले की क्रम होतात 36 लाख 28 हजार 800, तिथं कॉम्प्युटर लागतो. शिवाय कोण कोणासोबत बसूच शकत नाही हे या साध्या रीतीत धरलेलं नसतं, त्यासाठी काही क्रम गाळावे लागतात किंवा त्यांचं वजन कमी करावं लागतं, आणि मग प्रत्येक क्रमाची शक्यता सारखी राहत नाही. असो, मूळ रीत लक्षात आली तरी पुरे.

आता 2004 चं आंध्र बघा. केसीआरचा पक्ष म्हणजे टीआरएस, 2001 मधे निघाली ती एका मागणीवर, वेगळं तेलंगण. 2004 ला काँग्रेससोबत लढून 26 आमदार आले आणि पक्ष मंत्रिमंडळात बसला. पण 294 च्या सभागृहात काँग्रेसचे एकट्याचे 185, बहुमताला लागतात 148. म्हणजे 5-3-1 मधला 1. दिल्लीत 5 खासदार, तिथं यूपीए सरकारला डाव्यांच्या 59 जणांचा बाहेरून आधार होता, पाच गेले तरी सरकार पडत नव्हतं. मंत्रिपद होतं पण निर्णायक हात नव्हता, तर मागणी पुढं कशी सरकणार? 2005 मधे राज्यातले मंत्री बाहेर पडले, 2006 मधे स्वतः केसीआर केंद्रातून. पुढं केसीआरचं 2009 चं उपोषण आणि रस्त्यावरचं आंदोलन यांनी जे हललं ते त्या खुर्च्यांनी हललं नव्हतं.

दुसरी गोष्ट किल्लीची, म्हणजे निर्णयाचा अधिकार कोणाकडं आहे त्याची. आसाम गण परिषदेची पोरं 1985 मधे विद्यार्थी आंदोलनातून सरळ सरकारात गेली, मुद्दा होता परकीय नागरिक शोधून बाहेर काढण्याचा. पण त्याबद्दलचा 1983 चा कायदा संसदेचा, राज्य सरकार तो बदलू शकत नव्हतं. पाच वर्षांत लोक विचारायला लागले, तुमचंच सरकार ना, मग काऊन नाही होत? विरोधात असताना दोष दिल्लीला देता येतो, सत्तेत बसलं की रस्ता, पाणी, पगार सगळं आपल्याच दारात येतं.

आणि मागणी पूर्ण झाली तर? तेलंगण 2 जून 2014 ला झालं, टीआरएस 119 पैकी 63 घेऊन एकटी सत्तेत बसली. आता मागायचं काय? 2022 मधे पक्षाच्या नावातलं तेलंगण काढून भारत टाकलं. इटलीत उत्तरेच्या वेगळेपणावर उभ्या राहिलेल्या लेगा नोर्द पक्षानं 2018 च्या निवडणुकीसाठी असंच 'नोर्द', म्हणजे उत्तर, गाळलं. मोठं व्हायचं तर गावाचं नाव सोडावं लागतं, आणि मग गावातला माणूस विचारतो की आमचं काय.

हैदराबादचं नवं सचिवालय वास्तुशास्त्र बघून बांधलं, 30 एप्रिल 2023 ला उद्घाटन झालं, आणि सात-आठ महिन्यांत सरकार गेलं. दाराची दिशा बघून मतं पडत नाहीत. आपल्याकडंही निवडणूक आली की टीव्हीवर कुंडल्या घेऊन लोक बसतात, त्यापेक्षा पोरांना वरचे 6 क्रम मांडायला लावा.

आपल्या विदर्भाचं काय ते काकांनी विचारलंच. राज्यांची फेररचना ठरवणाऱ्या फाजल अली आयोगानं 1955 मधे वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. वेगळ्या विदर्भासाठी लढणारे जांबुवंतराव धोटे 1971 ला नागपुरातून फॉरवर्ड ब्लॉककडून लोकसभेत गेले आणि 1980 ला काँग्रेसकडून. विधानसभेत 288 पैकी आमचे 62, हा आकडा लय मोठा आहे, बहुमत 145 चं. पण हे 62 एका गटाचे नाहीत, आपापल्या राज्यभराच्या पक्षात वाटलेले आहेत, त्यामुळं शॅप्लीच्या हिशोबात ते विदर्भ म्हणून मोजलेच जात नाहीत. आणि नवं राज्य करायची किल्ली घटनेच्या कलम 3 नुसार संसदेकडं, मुंबईकडं नाही.

काकांनी पंपाच्या धुळीत काडीनं 4-4-1 लिहिलं, सहाही क्रम मांडले, दोनदा चुकले, मग म्हणाले, "आता 5-3-1 नं करून दाखव."