खिशात दुसऱ्या देशाचा पीआर आणि हातात निर्वासिताचा अर्ज: कलम १ (ई) ची पार्श्वभूमी

२०१७ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाच्या रॉक्सहॅम रोडवरून पायी सीमा ओलांडून हजारो हैतीयन कॅनडात शिरले. मॉन्ट्रियलमध्ये त्यांच्यासाठी ऑलिंपिक स्टेडियमात खाटा टाकाव्या लागल्या. यातले बरेच जण हैतीतून थेट आलेले नव्हते. २०१० च्या भूकंपानंतर ते ब्राझीलला गेले, २०१२ पासून तिथे त्यांना मानवतावादी व्हिसा मिळू लागला आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये ब्राझील सरकारने ४३ हजारांहून जास्त हैतीयनांना कायम वास्तव्याची परवानगी (पीआर) दिली. पुढे मंदीत कामे आटली आणि मंडळी उत्तरेकडे निघाली.

अशा एखाद्या कुटुंबाची फाइल उघडून पाहू. वडील हैतीचे नागरिक, ब्राझीलचे कायम निवासी. आईही हैतीची, पण तिने ब्राझीलचा परवाना कधी काढलाच नाही. मूल साओ पावलोत जन्मले, म्हणजे जन्मानेच ब्राझीलचे नागरिक. एकाच सुनावणीत तीन वेगळे प्रश्न उभे राहतात. मुलाने ब्राझीलमध्येच छळाची भीती दाखवली पाहिजे. हैती कितीही पेटलेले असले तरी त्याला त्याचा उपयोग नाही. वडिलांचा अर्ज १९५१ च्या निर्वासित कराराच्या कलम १ (ई) मध्ये अडकतो: दुसऱ्या देशात नागरिकासारखे हक्क असलेल्याला हे कलम करारातून वगळते. आणि आईला विचारले जाते: मूल तिथले नागरिक असल्याने परवाना मिळू शकत होता, मग घेतला का नाही?

गंमत अशी, की हे कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असे कुटुंब मुळीच नव्हते. त्यांच्यासमोर होते जर्मन. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी अशा देशांतून सुमारे १.२ कोटी जर्मन वंशाचे लोक पळाले किंवा हाकलले गेले. १९४६ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेच्या घटनेने या लोकांना उघड वंशाचे नाव घेऊन मदतीतून वगळले होते. मग १९४९ च्या पश्चिम जर्मनीच्या मूलभूत कायद्यात कलम ११६ आले आणि जर्मनीत आश्रय मिळालेल्या या निर्वासितांना, त्यांच्या पती-पत्नींना व वंशजांना नागरिकत्वाचा कागद नसतानाही ‘जर्मन’ मानले गेले. जुलै १९५१ मध्ये जिनिव्हात २६ देशांचे प्रतिनिधी बसले तेव्हा करारात वंशाचे नाव घालणे बरे दिसेना. म्हणून सर्वसाधारण शब्द योजले: ज्या देशात माणसाने वास्तव्य केले आहे, तिथल्या सक्षम अधिकाऱ्यांनी त्याला नागरिकत्वाला जोडलेले हक्क आणि कर्तव्ये आहेत असे मानले असेल, तर हा करार त्याला लागू नाही. घरात घेतलेल्याला पुन्हा पाहुण्याचे ताट कशाला, इतका सरळ विचार.

जर्मनांचा प्रश्न मिटला, पण शब्द उरले. नंतर कायम वास्तव्याचे परवाने जगभर वाटले जाऊ लागले आणि हेच शब्द, सुरक्षित देश सोडून आवडीच्या देशात आश्रय मागणाऱ्यांना अडवायला कामी आले. कॅनडाने त्यांचा वापर सर्वात बारकाईने केला. तिथल्या २००२ पासूनच्या स्थलांतर कायद्याचे कलम ९८ म्हणजे १ (ई) चीच दारावरची पाटी.

‘नागरिकासारखे हक्क’ म्हणजे नेमके किती? मेक्सिकोत राहिलेल्या एका इराणी अर्जदाराच्या १९९५ च्या प्रकरणात, ज्याला शामलू निकाल म्हणतात, कॅनडाच्या न्यायालयाने चार मोजमापे मान्य केली: त्या देशात परत जाण्याचा हक्क, बंधनाशिवाय काम, शिक्षण आणि सामाजिक सेवा. मतदान नसले तरी चालते. चौघांत वजनदार आहे ते पहिले. परतीचा हक्क नसेल तर बाकीच्या तिघांना फारसा अर्थ उरत नाही. रत्नागिरी-रायगडकडच्या घरांना आखाती इकामा, म्हणजे वास्तव्याचा परवाना, नवा नाही. तो नोकरीला आणि कफीलला, म्हणजे हमी घेणाऱ्या मालकाला, बांधलेला असतो, नोकरी गेली की वास्तव्य गेले. असा परवाना या मापात बसत नाही, मग माणूस तिथे वीस वर्षे राहिलेला का असेना.

मग लोकांनी पळवाट शोधली. परवाना संपू द्यायचा आणि मग म्हणायचे, आता माझ्याकडे काहीच नाही. त्यावर २०१० मध्ये कॅनडाच्या संघीय अपील न्यायालयाने झेंग प्रकरणात तीन पायऱ्यांची कसोटी घालून दिली. चिलीत वास्तव्याचा हक्क मिळवलेल्या चिनी अर्जदारांचे ते प्रकरण. पहिली पायरी: सुनावणीच्या दिवशी नागरिकासारखा दर्जा आहे का? असेल तर अर्ज तिथेच संपला. नसेल तर दुसरी: पूर्वी होता आणि गेला, किंवा मिळण्यासारखा होता आणि घेतला नाही, असे आहे का? तसे नसेल तर १ (ई) आड येत नाही. असेल तर तिसऱ्या पायरीवर तराजू निघतो: दर्जा स्वतःहून घालवला की नाइलाजाने गेला, परत जाता येईल का, मायदेशात धोका किती, कॅनडाची आंतरराष्ट्रीय जबाबदारी काय. वर उल्लेखलेली आई दुसऱ्या पायरीवर अडते ती यामुळे.

तारखेचा घोळ मात्र राहिलाच. २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने ठरवले, की दर्जा पाहायचा तो पहिल्या सुनावणीच्या शेवटच्या दिवशीचा. अपील चालू असताना तो गेला तर त्याचा फायदा नाही. पण ब्राझीलमध्ये सबळ कारणाशिवाय दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिले की वास्तव्याचा हक्क जाऊ शकतो, आणि कॅनडात पहिल्या सुनावणीलाच कधी कधी तेवढा वेळ लागतो. रांगेत उभ्या असलेल्याचा परवाना रांगेतच मरतो. मग सुनावणी घेणाऱ्या निर्वासित मंडळाचे सदस्य विचारतात: मुदत जातेय हे ठाऊक होते ना, वकिलातीला एखादे पत्र तरी लिहिलेत?

इथे सगळ्यात जास्त फसतात ते कार्डाच्या तारखेने. प्लास्टिकच्या कार्डावरची मुदत आणि कायद्यातला दर्जा या दोन गोष्टी आहेत. कार्ड संपले तरी दर्जा जिवंत असू शकतो, आणि कार्डाला पाच वर्षे बाकी असली तरी गैरहजेरीने दर्जा गेलेला असू शकतो. म्हणून नुसती कार्डाची झेरॉक्स पुरत नाही. त्या वेळी लागू असलेल्या परदेशी कायद्याचा मजकूर आणि भाषांतर, पासपोर्टवरचे येण्याजाण्याचे शिक्के आणि वकिलातीचे लेखी उत्तर लागते. उत्तर आलेच नाही तर पाठवलेले ईमेल तारखेसह जोडायचे. सरकारी बाजूने दर्जाचा प्रथमदर्शनी पुरावा दिला, की तो खोडण्याची जबाबदारी अर्जदारावर येते. मंडळाला स्वतःला १ (ई) ची शंका आली तर त्याच्या नियम २६ प्रमाणे सुनावणीआधी मंत्र्यांना, म्हणजे सरकारी बाजूला, कळवावे लागते. तशी सूचना हाती आली की मायदेशाच्या पुराव्यासोबत दुसऱ्या देशाची फाइलही तयार करायला घ्यावी. बहुतेक जण ती शेवटच्या आठवड्यात करतात.

अमेरिकेचा रस्ता निराळा. तिथे १ (ई) नाही, ‘पक्के पुनर्वसन’ आहे, म्हणजे अमेरिकेत येण्याआधीच दुसऱ्या देशात कायमचे स्थिरावणे. ही कल्पनाही महायुद्धोत्तर विस्थापितांच्या कायद्यांतलीच. १९६५ मध्ये हे शब्द कायद्यातून गळाले, पण मुख्य चीनमधून निघून अनेक वर्षे हाँगकाँगमध्ये धंदा केलेल्या एका अर्जदाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये सांगितले, की शब्द गेले तरी मुद्दा जिवंत आहे. १९९६ मध्ये तो आश्रय कायद्यातच परत आला. फरक तारखेचा आहे. कॅनडा सुनावणीचा दिवस पाहतो, अमेरिका तिथे पोहोचण्याआधीचा काळ. शिवाय परवाना घेतलाच पाहिजे असे नाही, कायम वास्तव्याचा देकार मिळालेला असला तरी तो आड येतो. वाटेत गरजेपुरतेच थांबणे किंवा तिथे जाणूनबुजून लादलेली कडक बंधने, हे त्याला अपवाद. युरोपीय संघाने २००४ च्या निर्देशात १ (ई) जवळपास जसेच्या तसे घेतले, फक्त ‘किंवा समतुल्य हक्क’ हे शब्द जोडून.

भारत १९५१ च्या करारात नाही, तरी या वादात तो सतत येतो तो तिबेटींमुळे. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावची नोर्ग्येलिंग वसाहत १९७२ पासून आहे. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. इथल्या रहिवाशाकडे आरसी, म्हणजे परदेशी नागरिक म्हणून नोंदणीचा दाखला असतो. प्रवासाला ‘पिवळे पुस्तक’, म्हणजे ओळखपत्र, आणि त्यावर भारतात परतण्यास हरकत नसल्याचा शिक्का लागतो. परतायला शिक्का लागतो म्हणजे परतीचा हक्क नाही, त्यामुळे नुसत्या आरसीवर १ (ई) लावणे कठीण.

पण नागरिकत्व कायद्याच्या कलम ३ नुसार २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेला जन्मानेच भारतीय, आणि हे तिबेटींनाही लागू आहे असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० आणि २०१६ मध्ये सांगितले. २०१६ मध्येच कॅनडाच्या अपील न्यायालयाने अशा एका तिबेटी अर्जदाराचे अपील फेटाळले. भारताचे नागरिकत्व मोजायचे नसेल तर ते वापरण्यात ठोस अडथळा होता आणि तो दूर करायचा वाजवी प्रयत्न करूनही यश आले नाही, हे दोन्ही दाखवा, अशी अट घातली. २०१७ मध्ये भारताने पासपोर्ट द्यायची तयारी दाखवली ती आरसी व पिवळे पुस्तक परत करणे, वसाहत सोडणे या अटींवर.

आता वसाहतीतल्या एकाच घरातली दोन भावंडे घ्या, आईवडील तिबेटात जन्मलेले. थोरला १९८६ चा, धाकटी १९८८ ची. टोरंटोत दोघांनी अर्ज केला तर थोरल्याला विचारतील, भारतीय पासपोर्टसाठी कुठे कुठे अर्ज केलास, नकाराचा कागद दाखव. धाकटीला विचारतील, पिवळ्या पुस्तकावर परतीचा शिक्का आहे का, आणि त्याची मुदत कधी संपते.