अक्कल आणि उंटाचा पाय

ग्वांतानामोच्या तुरुंगाचं नाव अरबी वर्तमानपत्रांत 'मुअतकल ग्वांतानामो' असं छापून येतं. मुअतकल म्हणजे माणसं स्थानबद्ध करून ठेवायची जागा. हा शब्द पारंपरिक अरबी कोशात शोधायचा, तर 'म'ची पानं उलटून हाती काही लागत नाही. आधी त्याचा वरचा साज उतरवावा लागतो. सुरुवातीचा 'मु' काढायचा, मधला 'त' काढायचा, स्वर सोडून द्यायचे. उरतात तीन व्यंजनं: ऐन, काफ, लाम. (हा काफ आपल्या 'क'सारखा नाही, तो पार घशातून येतो.) मग 'ऐन'कडे वळायचं. तिथे मुअतकल सापडतो, आणि त्याच्याच शेजारी 'अक्ल' सापडतो. फारसीमार्गे मराठीत आलेली आपली अक्कल ती हीच.

संस्कृतात धातूला मागून प्रत्यय लागतात, पुढून उपसर्ग. अरबीत व्यंजनांचा सांगाडा बहुधा तिनांचा असतो आणि स्वर त्याच्या पोटात शिरतात. कोणते स्वर कुठे शिरणार, याचे साचे ठरलेले आहेत. कर्त्याच्या साच्यात घातलं की 'आकिल', म्हणजे अक्कल असलेला. कर्माच्या साच्यात घातलं की 'माकूल', म्हणजे बुद्धीला पटणारं. हिंदीतल्या 'माकूल जवाब'मधलं. त्याला नकार जोडून 'लामाकूल' होतं, आणि ॲब्सर्ड नाटकांच्या रंगभूमीला अरबीत हाच शब्द आहे. माझा आवडता साचा मात्र सोंगाचा. त्यात आजाराचा धातू घातला की 'आजारी असल्याचं सोंग करणे' होतं, आणि आपला ऐन-काफ-लाम घातला की 'तआकल', म्हणजे शहाणपणाचा आव आणणे. आपला दीडशहाणा करतो ते.

साच्यांमुळे रूपं कशी होतात ते कळलं, पण तुरुंग आणि अक्कल एका धातूत आले कसे? त्यासाठी उंटाकडे जावं लागतं. बसलेल्या उंटाने उठून चालू लागू नये म्हणून त्याचा पुढचा पाय गुडघ्यात दुमडतात आणि खालची नळी वरच्या भागाला दोरीने आवळून टाकतात. या बांधण्याचं क्रियापद 'अकल', आणि दोरी म्हणजे 'इकाल'. अरब पुरुष डोक्यावरच्या रुमालावर जे काळं कडं घालतात, त्यालाही इकालच म्हणतात. एका माणसाने पैगंबरांना विचारलं, उंट बांधून देवावर भरवसा ठेवू, की मोकळा सोडून? उत्तर आलं, "बांध, आणि मग भरवसा ठेव." तिर्मिझीच्या हदीससंग्रहातल्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहातल्या, या उत्तरात 'बांध'साठी हेच क्रियापद आहे.

त्या दोरीला पुढे काय काय अडकत गेलं ते पाहण्यासारखं आहे. जुलाब थांबवणारं औषध 'अकूल', कारण ते पोट बांधतं. शत्रूला अडवणारा गड 'माकिल'. आपली वर्तमानपत्रं एखाद्या पक्षाचा 'बालेकिल्ला' लिहितात, तिथे अरबी वर्तमानपत्रं 'माकिल' लिहितात. पडद्यात राहणारी खानदानी स्त्री 'अकीला', आणि त्यावरून कोणत्याही गोष्टीतला उत्तम नमुनाही अकीला. मोत्याला 'समुद्राची अकीला' म्हटलेलं आहे.

सगळ्यात चमत्कारिक अर्थ रक्तपैशाचा. माणूस मारला गेला तर भरपाई म्हणून त्याच्या वारसांना उंट द्यायचे. पुढे कायद्याने पूर्ण भरपाई ठरली ती 100 उंटांची. ते उंट वारसांच्या दारात आणून बांधायचे, म्हणून त्या भरपाईचं नावच 'अक्ल' पडलं. पुढे दिनार-दिरहम मोजले जाऊ लागले, दारात उंट राहिला नाही, तरी नाव टिकलं. हत्या चुकून झाली असेल तर भरपाईचा भार खुन्याच्या भाऊबंदांवर पडे, म्हणून ते भाऊबंद 'आकिला'. मराठीत नुकसान अक्कलखाती मांडतात त्याचा याच्याशी काही संबंध नाही, पण योगायोग मजेदार आहे.

दहाव्या शतकातल्या इब्न फारिस या कोशकाराला हे सगळे अर्थ एका सूत्रात ओवायचे होते. 1004 च्या सुमारास तो वारला. प्रत्येक धातूच्या मुळाशी एक किंवा मोजके अर्थ असतात, हे दाखवण्यासाठी त्याने अख्खा कोश रचला. ऐन-काफ-लामचं मूळ त्याने 'अडवून धरणे' असं दिलं: वाईट बोलण्यापासून आणि वाईट वागण्यापासून जी अडवते ती अक्कल. मला हे पटतं. मात्र इब्न फारिसचं सूत्र सगळीकडे इतकं सहज बसत नाही. काही धातूंत त्याला ओढूनताणून अर्थ जुळवावे लागले, आणि काही ठिकाणी त्याने प्रांजळपणे एकाहून अधिक मुळं मानली.

शिवाय त्याच्या हाताशी नसलेला पुरावा आज आपल्याकडे आहे. सीरियाच्या किनाऱ्यावर उगारित नावाचं प्राचीन नगर होतं. तिथे 1929 पासून मातीच्या पाट्या सापडत गेल्या, त्या इसवीसनापूर्वी 13व्या शतकाच्या आसपासच्या. त्यांतल्या एका काव्यात बाल या देवाने मारलेल्या सापाचं वर्णन येतं, आणि त्या सापाचं विशेषण याच तीन व्यंजनांचं आहे: वेटोळं घालणारा. हिब्रू बायबलातल्या यशयाच्या ग्रंथातही सापाला तेच विशेषण आहे, आणि हिब्रूत या धातूचा अर्थ वाकडं, पीळदार असाच निघतो. अरबीतही नदीच्या वळणाला 'आकूल' म्हणतात. म्हणजे 'अडवणे'च्याही आधी 'वाकवणे' असावं. पाय वाकवला, म्हणून उंट अडला; अडवणं आलं, त्यातून आवर आला, आणि आवरातून अक्कल.

हे धागे कोशकारांनाच दिसतात, की अरबी बोलणाऱ्याच्या डोक्यातही असतात? सामी बूदेला आणि विल्यम मार्सलेन-विल्सन या संशोधकांनी हे तपासलं. पडद्यावर एक शब्द सेकंदाच्या काही शतांश भागापुरता चमकवायचा, इतका थोडा वेळ की वाचल्याची जाणीवही होऊ नये. लगेच दुसरा शब्द दाखवायचा आणि तो ओळखायला किती वेळ लागतो ते मोजायचं. 'कतीबा' म्हणजे सैन्याची तुकडी, 'मकतब' म्हणजे कचेरी. अर्थाने दूरचे, पण धातू एकच, काफ-ते-बे. यातला काफ साधा, आपल्या 'क'सारखा. तुकडी आधी चमकली की कचेरी लवकर ओळखली गेली. वाचणाऱ्याचा मेंदू अर्थाची वाट न बघता शब्दाचा सांगाडा सोडवतो.

मराठीने अरबी शब्द घेतले ते अखंड, सांगाडा न सोडवता. त्यामुळे अक्कल आपल्याकडे आली आणि मराठी होऊन गेली. तिची दाढ झाली, तिचा कांदा झाला, लोक तिला गहाणही टाकू लागले. चघळली की जिभेला झिणझिण्या आणणाऱ्या वनस्पतीलाही आपण अक्कलकाढा म्हणतो. त्या नावात मात्र अक्कल मुळातच नाही. अरबी नाव 'आकिरकर्हा', आणि त्यातलं तिसरं व्यंजन लाम नसून 'रे' आहे.